जुन्या सायकलचं मागचं चाक आणि गिअर बदलताना: आधी माप, मग खरेदी

दिवाळीची सुटी संपली की अमळनेरला माझ्या अंगणात दरवर्षी तेच घडतं. यावलहून, पाचोऱ्याहून नाहीतर धुळ्याहून कुणीतरी जुनी सायकल घेऊन येतो. सोबतच्या पिशवीत नवं मागचं चाक, नवी चेन, गिअरच्या चकत्या. माल चांगला असतो. पण चाक चिमट्यात, म्हणजे ते धरणाऱ्या फ्रेमच्या मागच्या दोन टोकांत, शिरत नाही. शिरलंच तर ब्रेकचं रबर रिमऐवजी टायरला घासतं. तेही जमलं तर पहिल्याच चढावर चेन दातांवरून उड्या मारते. दुकानदार माल परत घेत नाही आणि चांगली भक्कम सायकल पुन्हा गोठ्याच्या भिंतीला टेकते. याचं मला फार वाईट वाटतं, कारण यातल्या बहुतेक सायकली अजून वीस वर्षं चालतील अशा असतात.

चूक क्रमात असते. आधी खरेदी होते आणि माप नंतर घेतलं जातं. खाली दिलेल्या क्रमानेच जा. पहिले तीन टप्पे पूर्ण होईपर्यंत बाजारात पाऊल टाकू नका.

हे सगळं स्टीलच्या, म्हणजे लोखंडी फ्रेमसाठी आहे. फ्रेमला चुंबक लावून पाहा. चिकटलं नाही तर फ्रेम ॲल्युमिनियमची आहे, आणि तिचा चिमटा ताणायचा विचारही करू नका. ॲल्युमिनियम वाकून नवा आकार धरत नाही, त्याला चीर जाते.

## १. सायकल कोणत्या जातीची, ते ठरवा

आपल्याकडे जुन्या सायकली मुख्यतः दोन जातींच्या.

पहिली काळी २८ इंची. हिला दांड्यांचे ब्रेक, एकच फ्रीव्हील (मागच्या चाकावरची दातांची चकती), बहुधा चेनवर पूर्ण कव्हर. तिला डिरेलरवाले, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारे, गिअर बसवायचा हट्ट धरू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. मागचा चिमटा अरुंद, एक्सलची (चाकाच्या आसाची) खाच बहुधा मागच्या बाजूला उघडणारी, आणि दांड्यांच्या ब्रेकचं रबर रिमच्या आतल्या बाजूला दाबतं, त्यामुळे दुसऱ्या घडणीची रिम चालतच नाही. एका गोष्टीसाठी चार गोष्टी बदलाव्या लागतात.

अशा सायकलला फक्त फ्रीव्हील बदला. मागे १८ दातांचं असेल तर २२ दातांचं लावा. पुढची चकती कितीही दातांची असो, पायडल सुमारे १८ टक्के हलकं होतं. दुधाचे कॅन किंवा चाऱ्याचा भारा बांधून जाणाऱ्याला हा फरक पहिल्याच पायडलला कळतो. चार दात वाढले की चाक अर्धा इंच पुढे घ्यावं लागतं, नाहीतर चेनमध्ये कड्यांची एक जोडी वाढवावी लागते. मोठं फ्रीव्हील चेनकव्हरला आतून घासत नाही ना, एवढं बघा. काळ्या सायकलवाल्यांनी टप्पा ५ मधला फ्रीव्हील काढायचा आणि टप्पा ७ मधला ते बसवायचा भाग तेवढा वाचावा.

दुसरी जात म्हणजे ५ किंवा ६ गिअरची जुनी सायकल, २६ किंवा २७ इंची, केबलच्या ब्रेकची. पुढचं सगळं मुख्यतः हिच्यासाठी.

## २. पाच मापं घ्या आणि कागदावर लिहा

मोबाइलवर नको, कागदावर लिहा. हा कागद खिशात घालूनच दुकानात जायचं आहे.

चिमट्यातलं अंतर. चाक काढा. मागच्या चिमट्याच्या दोन्ही टोकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. जुनी फ्रेम चाक काढल्यावर थोडी मिटते किंवा उघडते, म्हणून काढलेल्या चाकाचंही माप घ्या: हबच्या (चाकाच्या मधल्या नळीच्या) एका टोकाच्या चेकनटच्या, म्हणजे चिमट्याला आतून टेकणाऱ्या नटाच्या, बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या चेकनटच्या बाहेरच्या कडेपर्यंत. साधारण १२० मिमी असेल तर ५ गिअरची जुनी फ्रेम. १२६ म्हणजे ६ किंवा ७ गिअरची. १३० हे नंतरच्या रेसिंग सायकलींचं माप, १३५ एमटीबीचं, म्हणजे माउंटन बाइकचं. एक फ्रीव्हीलच्या सायकलींत ते ११० च्या आसपास सापडतं.

टायरवरचा आकडा. '२६ इंच' किंवा '२८ इंच' या बोलीवर खरेदी करू नका. टायरच्या कडेला मधे आडवी रेघ असलेले दोन आकडे कोरलेले असतात, जसे ४०-६३५. दुसरा आकडा महत्त्वाचा. टायर रिमवर जिथे बसतो तिथला तो व्यास आहे. काळ्या २८ इंचीचा ६३५, जुन्या २७ इंची रेसिंगचा ६३०, हल्लीच्या ७०० सी चा ६२२, एमटीबीच्या २६ इंचीचा ५५९. आणि २६ × १ ३/८ लिहिलेला टायर ५९० चा असतो. म्हणजे '२६ इंची' म्हणून मागितलेली दोन चाकं एकमेकांपासून ३१ मिलिमीटर लांब असू शकतात.

तारांची भोकं. मागच्या चाकाच्या तारा, म्हणजे स्पोक, मोजा. जुन्या काळ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात. आज मिळणारे गिअरचे हब बहुतेक ३६ किंवा ३२ भोकांचे. रिम जुनीच ठेवून नुसता हब बदलू, असा हिशेब इथे कोसळतो. मी स्वतः हे केलं आहे: ३६ भोकांचा सुंदर हब आणला, ४० भोकांची रिम मांडीवर घेतली आणि अर्धा तास मोजत बसलो. तो हब दोन वर्षं फळीवर पडून राहिला.

खाच आणि हँगर. एक्सल ज्या खाचेत बसतो ती पुढे उघडते, खाली उघडते की मागे? उजव्या बाजूला खाचेखाली आटे पाडलेलं भोक असलेला कान आहे का? तो डिरेलरचा हँगर. नसेल तर एक्सलच्या नटाखाली धरणारा वेगळा लोखंडी हँगर मिळतो, पण नेहमी मिळणारा हँगर पुढे उघडणाऱ्या खाचेसाठीच बेतलेला असतो.

ब्रेकची पोच. ब्रेकच्या हातातल्या खाचेत रबर वर-खाली सरकतं. ते आत्ता कुठे आहे आणि अजून किती खाली येईल, हे मोजा. चाक बदललं तर रिमची कड दोन व्यासांतल्या फरकाच्या निम्म्याने खाली जाते. ६३० वरून ६२२ वर आलात तर ४ मिमी, आणि हे बहुतेक ब्रेकना जमतं. ५९० वरून ५५९ वर आलात तर साडेपंधरा मिमी, आणि हे जवळजवळ कुणालाच जमत नाही.

> थांबा. पाचपैकी एकही रकाना रिकामा असेल तर पुढे वाचू नका, आधी तो भरा.

## ३. दात किती हवेत, हे रस्त्यावरून ठरवा

'किती गिअरची सायकल' हा प्रश्न चुकीचा आहे. सगळ्यात हलका गिअर किती हलका, हे विचारा.

तापीच्या काठाने चोपडा, यावल, रावेर असं फिरणाऱ्याला सपाट रस्ता आहे. तिथे त्रास वाऱ्याचा. उन्हाळा संपता संपता पश्चिमेचा वारा सुटतो तेव्हा धुळ्याहून साक्रीकडे जाताना सपाटीवरही चढ लागल्यासारखं होतं. त्या पट्ट्यात पवनचक्क्या उभ्या आहेत त्या याच वाऱ्यासाठी. चाळीसगावच्या बाजूचा कन्नड घाट किंवा शहाद्याकडून तोरणमाळ चढणाऱ्याची गरज अगदी वेगळी.

हिशेब सोपा आहे. पुढचे दात भागिले मागचे दात, गुणिले चाकाचा परीघ. बहुतेक मोठ्या चाकांचा परीघ सुमारे २.१ मीटर धरा. पुढे एकच ४४ दातांची चकती आणि मागे सगळ्यात मोठी २८ ची असेल, तर मिनिटाला ५० वेळा पायडल फिरवून ताशी सुमारे १० किलोमीटर वेग येतो. घाटात त्याहून हळू गेलात तर पाय अडतात, गुडघे बोलू लागतात. मागे ३४ ची चकती असेल तर तेवढ्याच पायडलला ताशी ८ किलोमीटर. हा फरक लहान वाटतो, पण उतरून ढकलायचं की बसून चढायचं ते तोच ठरवतो. पुढे २८ दातांची छोटी चकती आधीच असेल तर मागे २८ पुरेत.

सपाटीसाठी ७ गिअरचं १४-२८ फ्रीव्हील पुष्कळ झालं. घाटवाल्याने मागे ३२ किंवा ३४ पर्यंत जावं. डिरेलरचा पिंजरा, म्हणजे चेन ताणून धरणारा खालचा भाग, लांब हवा, आणि तो किती दातांपर्यंत चालतो हे त्याच्या माहितीत लिहिलेलं असतं. वाचून घ्या.

## ४. फ्रीव्हील की कॅसेट? मगच खरेदी

फ्रीव्हीलमध्ये चकत्या आणि टकटक करणारी यंत्रणा एकाच गोळ्यात असते, तो गोळा हबच्या आट्यांवर घट्ट होतो. कॅसेटमध्ये ती यंत्रणा हबमध्येच असते, चकत्या वरून सरकवून कड्याने आवळतात. तुमच्याकडे काय आहे ते कळायला चकत्या उलट फिरवा आणि मधली, हत्यार बसायची खाच बघा. ती चकत्यांबरोबर फिरली तर कॅसेट, जागेवर राहिली तर फ्रीव्हील.

फरक नुसता नावाचा नाही. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजव्या बाजूचे छर्रे चकत्यांच्या आत, खोलवर बसतात. तिथून चिमट्यापर्यंतचा एक्सलचा तुकडा आधाराशिवाय लोंबतो. चकत्या वाढल्या की तो तुकडा लांबतो, आणि मागे ओझं असेल तर एक्सल वाकतो, शेवटी तुटतो. कॅसेटच्या हबमध्ये उजवे छर्रे जवळजवळ चिमट्यापाशी येतात. म्हणून माझा नियम असा: कॅरिअरवर ओझं नेणार नसाल आणि चिमटा १२६ चा असेल, तर आहे त्याच चाकावर ७ गिअरचं फ्रीव्हील लावा. काम स्वस्तात होतं, चाक बदलावं लागत नाही. ओझं नेणार असाल, अंग भारी असेल किंवा घाट चढणार असाल, तर ८ गिअरच्या कॅसेटचं नवं चाक घ्या.

खरेदीची यादी करताना या जोड्या लक्षात ठेवा. शिफ्टर, म्हणजे गिअर बदलायचा खटका, टकटक करत ठरावीक जागी थांबणारा असेल तर त्याचे आकडे आणि मागच्या चकत्या सारख्याच हव्यात, ७ ला ७, ८ ला ८. जुना, न अडता सरकणारा शिफ्टर असेल तर ही अट नाही, तो कशावरही चालतो. शिमानोची ६, ७ आणि ८ गिअरची मागची डिरेलर सर्वसाधारणपणे एकमेकांच्या जागी चालतात. चेन ८ गिअरची घ्या, ती ६ आणि ७ वरही व्यवस्थित चालते. एक फ्रीव्हीलची १/८ इंची जाड चेन इथे चालणार नाही, गिअरची चेन ३/३२ इंची असते. आणि ८ च्या हबवर ७ ची कॅसेट बसवायची असेल तर मागे साडेचार मिमीची रिंग लागते. ती दुकानातच मागून घ्या, घरी आल्यावर आठवते.

ट्यूबचा वॉल्व्हही बघा. बारीक, लांब वॉल्व्हसाठी पाडलेल्या रिमच्या भोकात आपला नेहमीचा जाड वॉल्व्ह जात नाही.

## ५. जुनं उतरवताना

हत्यारं: पाने, कोनचे (छर्रे दाबून धरणाऱ्या नटांचे) पातळ पाने, फ्रीव्हील काढायचं हत्यार, चेनची पिन काढायचं हत्यार, निपल पाना (तारांच्या टोकांचे नट फिरवायला), कॅसेट असेल तर तिचं कडं आवळायचं हत्यार. फ्रीव्हीलची हत्यारं एकसारखी नसतात. काहींना दोन खाचा, काहींना चार, काहींना आतून बारा दाते. आपल्या फ्रीव्हीलमध्ये बसवून बघूनच हत्यार घ्या.

जुनं फ्रीव्हील काढण्यात लोक सगळ्यात जास्त मार खातात, कारण प्रत्येक पायडलने ते आणखी आवळलं गेलेलं असतं. आदल्या रात्री आट्यांवर पातळ तेल सोडा, चाक आडवं ठेवा. सकाळी हत्यार खाचेत बसवून एक्सलच्या नटाने हलकं धरा, म्हणजे ते निसटून खाचा खाणार नाही. मग पाना लावून झटापट करू नका. वेल्डिंगवाल्याकडे किंवा ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्याकडे जा, त्याच्या व्हाइसमध्ये हत्यार पकडा आणि चाक दोन्ही हातांनी गाडीच्या स्टिअरिंगसारखं डावीकडे फिरवा. सुटल्याचा झटका लागला की लगेच एक्सलचा नट सैल करा, नाहीतर फ्रीव्हीलचा पुढचा जोर नटावर येतो.

> इशारा: हब दुसरीकडे वापरायचा म्हणून आधी तारा कापू नका. फ्रीव्हील नेहमी चाक बांधलेलं असतानाच निघतं. तारा कापल्यावर हब धरायला काहीच उरत नाही. पारोळ्याच्या एका काकांचा चांगला हब मी याच कारणाने भंगारात गेलेला पाहिला.

जुनी चेन फेकण्याआधी मोजा. कोणत्याही पिनच्या मध्यापासून अर्ध्या इंचाच्या २४ कड्या म्हणजे बरोबर १२ इंच. १/१६ इंच जास्त भरली तर चेन संपत आली. १/८ जास्त भरली तर तिने मागच्या चकत्याही खाल्ल्या आहेत, आणि पुढच्या चकतीचे दात नीट बघा. दात एका बाजूला झुकून कोयत्याच्या टोकासारखे झाले असतील तर पुढची चकतीही बदला. नव्या चेनने उड्या मारण्याचं हे मोठं कारण आहे.

## ६. चिमटा

१२६ च्या स्टीलच्या चिमट्यात १३० चं चाक हाताने उघडून बसतं. दोन्ही बाजूला दोन-दोन मिमी. १३० मध्ये १३५ चंही जमतं. त्यापलीकडे, म्हणजे १२० मध्ये १३० घालायचं असेल, तर फ्रेम कायमची उघडून घ्यावी लागते. ते काम फ्रेम बांधणाऱ्या जाणत्या माणसाचं.

आटे पाडलेला लांब दांडा आणि दोन नट लावून चिमटा उघडायचा प्रयोग करू नका. दोन नळ्या सारख्या ताकदीच्या नसतात, कमजोर बाजू एकटीच वाकते आणि चाक कायमचं तिरकं बसतं.

फ्रेम सरळ आहे का, हे दोरीने कळतं. एका टोकाच्या खाचेला दोरा बांधा, तो पुढे नेऊन हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या टोकाला ताणून बांधा. सीटखालच्या नळीपासून दोऱ्याचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. सारखं हवं. दोन-तीन मिमीचा फरक दिसला तर आधी फ्रेम दाखवून घ्या, मग चाक.

## ७. नवं चाक, सायकलला लावण्याआधी

दुकानातून आलेलं तयार चाक हे तयार नसतं. हे मी किती जणांना सांगितलं असेल, मोजदाद नाही. मशीनवर बांधलेल्या चाकाच्या तारा बऱ्याचदा सैल असतात आणि छर्रे आवळलेले असतात.

एक्सल बोटांत धरून फिरवा. खरखर किंवा अडखळणं जाणवलं तर कोन सैल करा. एक्सल वर-खाली हलवून बघा, ढिलाई जाणवली तर थोडे आवळा. नटवाल्या एक्सलला ढिलाईही नको आणि अडखळणंही नको. झटपट सुटणाऱ्या दांड्याच्या हबला मात्र केसभर ढिलाई ठेवा, कारण दांडा आवळल्यावर ती निघून जाते.

मग तारा. दोन समांतर तारा मुठीत धरून जोरात दाबा, चाकभर असंच करत जा. आतल्या वळलेल्या तारा टक् करत जागेवर येतात. आता चाक फिरवून आऊट, म्हणजे रिमचा डावा-उजवा डोल, बघा आणि निपल पाव-पाव फेरा फिरवत आऊट काढा. एकाच तारेला एकदम दोन फेरे देऊ नका. तारा बोटाने छेडून ऐका. उजव्या बाजूच्या तारांचा सूर डावीपेक्षा वर लागेल, ते बरोबर आहे, कारण चकत्यांना जागा देण्यासाठी रिम उजवीकडे ओढलेली असते. एकाच बाजूच्या तारा आपसात सारख्या वाजल्या पाहिजेत.

रिम मधोमध आहे का? चाक सायकलमध्ये बसवून डाव्या नळीपासून रिमचं अंतर मोजा. मग चाक उलटं करून, चकत्या डावीकडे ठेवून बसवा आणि त्याच नळीपासून पुन्हा मोजा. दोन्ही आकडे सारखे यायला हवेत.

निपलवर रिमपट्टी नीट बसली की टायर चढवा. सराटे आणि बाभळीचे काटे आपल्याकडे कुठे नाहीत? टायर आणि ट्यूबमध्ये जुन्या ट्यूबची उभी कापलेली पट्टी घालता येते, पण तिच्या कडा मऊ घासून घ्या, नाहीतर तीच ट्यूब कापते.

फ्रीव्हील बसवताना: हबच्या आट्यांना भरपूर ग्रीस लावा. ग्रीसशिवाय बसवलेलं फ्रीव्हील पुढच्या वेळी निघणार नाही. आटे बारीक असतात, तिरके चढायला वेळ लागत नाही. आधी फ्रीव्हील हलकेच उलटं, डावीकडे फिरवा, टक् असा आवाज आला की तिथून उजवीकडे हातानेच घ्या. हाताने तीन-चार फेरे सहज जायला हवेत. शेवटचं आवळणं पायडल करेल.

कॅसेट बसवताना: हबवरच्या खाचांमध्ये एक बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रुंदीची असते, चकत्यांवरही तसाच एक दात असतो. ते दोन जुळवून सरकवा. वरचं कडं ४० न्यूटन मीटरने आवळायचं, म्हणजे २५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला सुमारे १६ किलोचा जोर. कर्रकर्र आवाज येतो, तो येऊ द्या. आवळल्यावर चकत्या हाताने हलवून बघा. हलल्या तर मागची रिंग राहिली आहे.

## ८. चाक आणि ब्रेक

चाक बसवा, दोन्ही नट आलटून पालटून आवळा. फिरवून बघा. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल टायर आणि मडगार्डमध्ये दगडासारखा भरतो, चाक फिरायचंच थांबतं. म्हणून मडगार्ड आणि टायरमध्ये किमान एक बोट मोकळी जागा ठेवा. नवा टायर जाड घेतला असेल तर इथेच कळेल.

ब्रेकचं रबर पूर्णपणे रिमवर दाबलं पाहिजे. वर गेलं तर टायर कापतं, खाली गेलं तर घसरून तारांत शिरतं.

> तपासा: ब्रेक पूर्ण ताकदीने दाबून सायकल पुढे ढकला. मागचं चाक अजिबात फिरता कामा नये. फिरलं तर गिअरच्या कामाला हात लावू नका, आधी ब्रेक.

## ९. डिरेलर आणि चेन

डिरेलर बसवल्यावर मागे उभे राहून बघा. त्याच्या दोन छोट्या चाकांची रेघ मागच्या चकत्यांना समांतर दिसली पाहिजे. तिरकी दिसली तर हँगर वाकलेला आहे, आणि वाकलेल्या हँगरवर गिअर कितीही जुळवले तरी टिकत नाहीत.

चेनची लांबी ठरवायचा सोपा मार्ग: चेन पुढच्या सगळ्यात मोठ्या आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवरून घ्या, डिरेलरमधून घालू नका. जिथे दोन टोकं कशीबशी भेटतात, त्याहून एक इंच, म्हणजे एक आतली आणि एक बाहेरची कडी, जास्त ठेवून तोडा. जुन्या चेनशी लावून मोजू नका. तुमच्या मागच्या चकत्या आता मोठ्या आहेत, जुनी लांबी तोकडी पडेल आणि मोठ्या चकतीवर गेल्यावर डिरेलरच उखडेल.

## १०. गिअर जुळवणं: क्रम मोडू नका

लोक इथे सगळे स्क्रू एकदम फिरवतात आणि मग काहीच जुळत नाही.

१. केबल सोडलेली ठेवा. चेन मागच्या सगळ्यात लहान चकतीवर. 'एच' लिहिलेला स्क्रू फिरवून डिरेलरचं वरचं छोटं चाक बरोबर त्या चकतीखाली आणा.

२. शिफ्टर सगळ्यात जड गिअरवर ठेवा. केबल ताणायची गोल चावी पूर्ण आत घालून दीड-दोन फेरे बाहेर काढा. केबल हाताने ताणून नट आवळा.

३. पायडल फिरवत डिरेलर हाताने आत, मोठ्या चकतीकडे ढकला. चेन मोठ्या चकतीवर चढली पाहिजे, पण तिच्या पलीकडे जाता कामा नये. 'एल' स्क्रू तेवढाच आवळा.

४. आता शिफ्टरने एकेक गिअर घ्या. मोठ्या चकतीकडे जायला चेन अळंटळं करत असेल तर चावी पाव फेरा बाहेर, म्हणजे डावीकडे. लहान चकतीकडे उतरायला वेळ लावत असेल तर पाव फेरा आत.

५. मोठ्या चकतीवर असताना डिरेलरचं वरचं चाक तिला घासत नाही ना? साधारण ५-६ मिमी अंतर हवं. कमी असेल तर हँगरपाशी टेकणारा तिसरा स्क्रू आवळा.

> इशारा: 'एल' स्क्रू सैल राहिला तर घाटात, सगळ्यात जास्त जोर लावलेला असताना, डिरेलर तारांत जातं. डिरेलर, हँगर आणि आठ-दहा तारा एकाच क्षणात जातात. सायकल उभी असताना मोठ्या चकतीवर चेन ठेवून डिरेलर हाताने आत ढकलून बघा. तारांना लागलं तर अजून आवळा.

## ११. पहिले ५० किलोमीटर

नवी केबल थोडी ताणते आणि बाहेरचं आवरण जागेवर बसतं, म्हणून पहिल्या आठवड्यात गिअर पुन्हा पाव फेऱ्याने जुळवावे लागतात. त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. ५० किलोमीटर झाले की तारा पुन्हा छेडून बघा, आऊट काढा, एक्सलचे नट आणि कॅसेटचं कडं तपासा. घाटाचा बेत यानंतरच करा. तोवर घराजवळच्या रस्त्यावरच चालवा, म्हणजे काही सुटलं तर ढकलत परत येता येईल.

चेनला तेल एकेका कडीवर एक थेंब, मग पायडल उलटं फिरवून बाहेरचं सगळं तेल फडक्याने कोरडं पुसा. बाहेर राहिलेल्या तेलावर आपल्याकडची धूळ बसली की ती पॉलिश पेपरसारखी चकत्या खाते. मोटारसायकलचं जाड ऑइल चेनवर ओतून ठेवणाऱ्यांच्या चकत्या मला दोन उन्हाळ्यांत बदलाव्या लागल्या आहेत. मातीच्या रस्त्याने जात असाल तर दर आठवड्याला पुसा, पावसात भिजली तर त्याच दिवशी.

आणि मापांचा तो कागद फाडू नका. त्यावर नवे आकडे लिहा: चिमटा, टायरचा दुसरा आकडा, तारा, चकत्यांचे दात, चेनच्या कड्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सीटखाली बांधून ठेवा.